मंगरूळची तोड

माझे वडील शालिग्राम मंगरूळपीरच्या बँडमध्ये झांजा वाजवत. नोकरी तहसील कचेरीत शिपायाची. पण लग्नसराई सुरू झाली की त्यांची मावशी आजारी पडे आणि रजेचे अर्ज जात. खरं तर त्यांना मावशीच नव्हती, आणि हे तहसीलदारालाही ठाऊक होतं. बँडची गोष्ट सांगा म्हटलं की ते बदरुद्दीनची गोष्ट सांगत. त्यांच्या लेखी दोन्ही एकच होतं.

बदरुद्दीन जातीनं पिंजारी. दर्ग्यामागच्या गल्लीत त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. दिवाळीच्या सुमारास तो खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव निघायचा, लोकांच्या ओसरीत बसून जुन्या गाद्या उसवायचा, रुई पिंजायचा, नवी रजई भरून द्यायचा. काम करताना भोवती पांढरं धुकं उठायचं. संध्याकाळी घरी आला की भुवया, मिशा, कानातले केस सगळं पांढरं. त्याची बायको अमीनाबी दारातच त्याला ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. बाप तेच करत होता, आजाही तेच. वाद्याशी या घराचा काही संबंध नव्हता.

तो संबंध आला एकोणपन्नास सालच्या उरुसात. हिंगोलीकडून इब्राहीम नावाचा एक म्हातारा दर्ग्याला आला होता. निजामाच्या फौजेतल्या बँडात त्यानं वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं होतं. संस्थान गेलं, फौज मोडली, आणि म्हातारा काखेत लाकडी पेटी घेऊन पिरापिरांच्या दारी फिरू लागला. मंगरूळला येऊन तापानं पडला. बदरुद्दीननं त्याला पाठीवर घेऊन घरी आणलं. चार दिवसांसाठी आणलेला म्हातारा तीन वर्षं राहिला, आणि त्याच घरात वारला.

बरा झाल्यावर इब्राहीमनं बदरुद्दीनला शिकवायला घेतलं. तेव्हा बदरुद्दीन तिशीचा. पहिला महिनाभर म्हाताऱ्यानं त्याला बोटं लावूच दिली नाहीत. नुसतं फुंकायचं.

"बेटा, सूर ओठातून नाई येत," तो सांगे. "पोटातून येते. पोटात हवा भर, आन मंग कंजूस मारवाड्यासारखी थोडी थोडी सोड."

पुढं बँड उभा राहिला. इब्राहीमच्या ओळखीनं हिंगोलीहून फौजेची मोडकी वाद्यं आली. पोचे पडलेली दोन कॉर्नेटं, एक मोठा ढोल, काड्यांनी वाजवायचा छोटा ड्रम. अमीनाबीनं रजईच्या लाल अस्तराचे कोट शिवले. वैशाखात घाम आला की त्या कोटांचा रंग जाई आणि सगळ्यांच्या माना लाल होत. वडील म्हणत, घरी गेल्यावर तुझी आई आधी मान बघायची. लाल असली की समजायचं, आज मावशी बरीच आजारी होती.

छोट्या ड्रमवर रूपला होता. मंगरूळपासून दोन कोसांवरच्या तांड्यातला बंजारा. उंच, हडकुळा, कमी बोलणारा. तांड्यात नगारा वाजवायचा. बदरुद्दीन त्या तांड्यावर गाद्या भरायला गेला असताना त्यानं रूपलाचा नगारा ऐकला आणि तिथल्या तिथं विचारलं, "माह्या संगं येतं का? पिंजाऱ्याच्या बँडात?"

रूपला म्हणाला, "येतो." एवढ्यावर सात-आठ वर्षांची सोबत ठरली.

बँडचं नाव झालं ते एका चालीमुळं. रूपलाची आई रामीबाई तांड्यातल्या लग्नांत नवरीला निरोपाचं रडगाणं शिकवायची. त्यांच्यात नवरी सासरी निघताना आईच्या गळ्यात पडून गातच रडते. बदरुद्दीननं ते ऐकलं आणि त्याला ते वाद्यावर काढायचं वेड लागलं. तीन-चार वेळा तो तांड्यावर जाऊन रामीबाईसमोर बसला. त्यातली एक ओळ फार लांब होती, आईला मारलेली हाक. खालून उठायची, वर जायची, वरच थरथरत राहायची आणि मग सावकाश खाली यायची. बदरुद्दीननं पहिल्यांदा वाजवली तेव्हा मधे दम घेतला. रामीबाईनं मान हलवली.

"मधी दम घेतला तं ते रडनं नाई राह्यत, बाबा. गानं होते."

पुढच्या खेपेला त्यानं ती ओळ एका दमात वाजवली. म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. रूपलाला ती म्हणाली, याला जेवल्याबिगर जाऊ देऊ नको.

त्यानंतर मंगरूळच्या बँडला बोलावणी येऊ लागली ती त्या निरोपाच्या चालीसाठी. कारंजा, कामरगाव, अनसिंग, वाशिम. वरातीत कुठलाही बँड असो, पण मुलगी सासरी वाटे लावताना मंगरूळचा बदरुद्दीनच पाहिजे, असं बायका घरात बजावून सांगत. तो वाजवायला लागला की मांडवात रडं फुटे. मुलीची आई रडे, मावश्या रडत, आचारीसुद्धा उपरण्यानं डोळे पुसे. बदरुद्दीनची मुलगी सकीना अनसिंगला दिली, तेव्हा मात्र त्यानं क्लॅरिनेट पेटीतून काढलं नाही. वडिलांनी विचारलं, तर म्हणाला, "आज मले रडू द्या ना."

चौपन्न सालच्या हंगामात रूपलाच्या पहिल्यांदा लक्षात आलं. ड्रमवाला पुढच्याच्या दमावर चालतो. ओळ कुठं संपणार ते त्याला पाठीवरून कळतं. कामरगावच्या एका लग्नात ती लांब हाक वर पोचली आणि थरथरायच्या जागी बदरुद्दीनची पाठ आखडली. सूर तुटणार, एवढ्यात रूपलानं काड्या टाकल्या. अगदी बारीक, भुरभुर पडणाऱ्या सरीसारखा आवाज. दोन ठोके, तीन, चार. तेवढ्यात बदरुद्दीननं हवा भरून घेतली आणि ओळ पुढं उचलली.

लोकांना ते फारच आवडलं. हाक तुटते, ड्रम थरथरतो, आणि हाक पुन्हा येते. जणू पोरीचा हुंदका अडकला.

परत येताना बदरुद्दीन रूपलाला म्हणाला, "तुले कसं समजलं?"

"पाठीवरून."

"कोनाले सांगू नको."

"नाई."

आणि त्यानं खरोखरच कुणाला सांगितलं नाही. वडील दोघांच्या शेजारी चालत, झांजा घेऊन, आणि त्यांनाही चार वर्षं वाटत होतं की ही बदरुद्दीनमास्तरांनी मुद्दाम बसवलेली चाल आहे. पहिल्या वर्षी एका जागी तुटायची, दुसऱ्या वर्षी दोन जागी. दर वेळी रूपला तिथं हजर. लोकांनी तिला नाव दिलं, मंगरूळची तोड. 'तिले तोड नाई' असं म्हणून गावातले रिकामटेकडे स्वतःच हसायचे. दूरदूरचे वाजवणारे ऐकायला येऊन बसत आणि बोटांवर ठोके मोजत.

घरी अमीनाबी पाहत होती. रुई पिंजायच्या दिवसांत त्याचा खोकला वाढायचा. पूर्वी हंगाम संपला की थांबायचा, आता उन्हाळ्यातही थांबेना. भिंतीला टेकून बसल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. ती गवती चहा द्यायची, छातीला तेल चोळायची, दर्ग्यातला धागा बांधायची. तो म्हणायचा, "धुरळा आहे. जाईल."

सत्तावन्न सालच्या वैशाखात कारंज्याला कापसाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. मुलीकडून मंगरूळचा बँड, मुलाकडच्यांनी अकोल्याहून स्वतःचा बँड आणलेला. त्यांचे निळे कोट, पितळी बटणं, सोळा माणसं. दोन दिवस दोन्ही बँडांची चढाओढ चालली होती आणि लोक खूश होते. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर अकोल्याचा मास्तर बदरुद्दीनजवळ येऊन बसला. मोठ्या मनाचा माणूस होता.

"मास्तर, तुमची ती तोड आमीबी घेतली बरं का," तो म्हणाला. "हुंदक्याची. कोनाच्या डोक्यातून निंघाली ते? तुमच्याच ना?"

बदरुद्दीननं मान खाली घातली. वडील तिथंच होते. ते म्हणत, कुणी चोरी पकडावी तसा त्याचा चेहरा झाला.

चार वाजता निरोपाची वेळ झाली. गाडी सजवून उभी होती. आधी अकोल्याच्या बँडनं निरोप वाजवला. बदरुद्दीनचीच चाल, आणि त्यात ती तोड. चांगल्या धडधाकट छातीचा त्यांचा मास्तर ठरल्या जागी थांबला, ड्रम थरथरला, तो पुढं गेला. लोक 'वा' म्हणाले.

बदरुद्दीन रूपलाकडं वळला. "आज मधी भरू नको. एका दमात घेतो."

"नका, मास्तर."

"रामीबाईनं जसं सांगतलं तसं. एकडाव."

"तुमच्यानं होनार नाई."

"माही कसम आहे तुले. काडी टाकायची नाई."

रूपलानं वडिलांकडं पाहिलं. वडिलांना तेव्हा काही समजलं नाही. बदरुद्दीननं क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती जिभेनं ओली केली आणि सुरुवात केली.

वडील सांगत, तसं वाजवलेलं त्यांनी आधी कधी ऐकलं नव्हतं. मुलगी आईच्या गळ्यात होती. हाक खालून उठली, वर गेली, वर पोचून थरथरायला लागली. मानेच्या शिरा दोरीसारख्या उभ्या राहिल्या होत्या. आणि तिथंच ती थांबली. कोणताही आवाज न करता थांबली. क्लॅरिनेट तोंडातच होतं, बोटं भोकांवर होती, डोळे उघडे होते, पण आत हवा जात नव्हती आणि बाहेरही येत नव्हती.

रूपलाच्या काड्या वर उचललेल्या होत्या. त्यानं त्या टाकल्या नाहीत.

मांडवात रडणाऱ्या बायकांनी मान वर केली. मुलीनंही आईच्या खांद्यावरून वळून पाहिलं. मग वऱ्हाडातलं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "मास्तर, चाबी सरली का काय?" आणि लोक हसले. फार नाही, थोडेच. रूपलाचा पुतण्या फुलसिंग कॉर्नेट वाजवायचा. त्यानं घाईघाईनं दुसरं काहीतरी सुरू केलं, वडिलांनी झांजा मारल्या, गाडी हलली.

बदरुद्दीन शेजारच्या जिनाच्या, कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, भिंतीच्या सावलीत जाऊन बसला. ओठ काळे पडले होते. बऱ्याच वेळानं दम आला तेव्हा त्यानं रूपलाला जवळ बोलावलं. रूपला रडत होता.

"तुही चूक नाई," बदरुद्दीन म्हणाला. "कसम माही होती."

वडील आणि रूपला त्याला अकोल्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरनं छाती ऐकली, पाठ ऐकली, धंदा विचारला.

"लहानपणापासून रुई पिंजता?"

"हो साहेब."

"ती धूळ आत बसली आहे. रुईही सोडा आणि फुंकणंही सोडा. दोन्ही."

बदरुद्दीननं सदऱ्याच्या गुंड्या लावल्या. "एक सोडतो," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्या एकावरून नवराबायकोत पहिल्यांदा मोठं भांडण झालं. गल्लीनं ऐकलं. अमीनाबी सांगत होती, "रुई सोडा. बाजा राहू द्या. मी सरकी निवडाले जिनात जाईन, शिवन करीन. पन त्या धुरळ्यात बसू नका."

"बाजा चार महिने असते. पोट बारा महिने."

"अन् बाजा गेल्यावर तुमी कोनत्या जिवानं जगान?"

दुसऱ्या दिवशी त्यानं फुलसिंगला बोलावून क्लॅरिनेट त्याच्या हातात दिलं, आणि दिवाळीला पिंजण खांद्यावर टाकून निघाला. गावोगाव जाणं मात्र त्याला जमेना. लोक गाद्या घरीच आणून देऊ लागले. म्हणजे धूळही घरातच राहिली.

फुलसिंग चोवीस वर्षांचा, तांड्याच्या हवेतला गडी. बदरुद्दीननं त्याला हिवाळाभर शिकवलं. स्वतः न फुंकता, तोंडानं गुणगुणून, भिंतीला टेकून. पोरगा हुशार होता. अठ्ठावन्नच्या हंगामात त्यानं बँड चालवला आणि लोकांनी त्याला उचलून धरलं.

त्या चैत्रात मंगरूळातच एक लग्न होतं. मुलगी गल्लीच्या तोंडाशी राहणारी. निरोप वाजू लागला तेव्हा बदरुद्दीन बाजेवर पडला होता. हाक उठली, वर गेली, आणि तुटली. ड्रम थरथरला. हाक पुढं आली. पुन्हा तुटली. बरोबर त्याच दोन जागी.

तो उठून बसला. अमीनाबीला म्हणाला, "त्याले बोलाव."

फुलसिंग लाल कोटातच आला, हसत. मागं रूपला आणि माझे वडील.

"तू काहून थांबला?" बदरुद्दीननं विचारलं.

"कोठी, मास्तर?"

"वर. हाकेत. तुले दम आहे ना? मंग थांबतं कायले?"

फुलसिंग गोंधळला. "ते तं मंगरूळची तोड आहे ना, मास्तर. नाई थांबलो तं लोक म्हनतात, हा मंगरूळचा बँड नोहे."

बदरुद्दीननं त्याला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाला, "ते तोड नोहोती रे, बापू. तो माहा दम होता. मले पुरत नोहोता. तुह्या काकानं मले झाकलं."

फुलसिंगनं काकाकडं पाहिलं. रूपला उंबऱ्यावर बसला आणि त्यानं गुडघ्यात तोंड घातलं. माझ्या वडिलांना त्या दिवशी सगळं समजलं, कामरगावपासूनचं.

"पुढच्या लग्नात एका दमात वाजव," बदरुद्दीन म्हणाला. "माह्यासाठी नाई. त्या पोरीसाठी."

फुलसिंगनं शब्द दिला आणि पाळलाही. अनसिंगच्या लग्नात त्यानं ती हाक जशी रामीबाई गायची तशी वाजवली. वडील म्हणत, ती खरी होती. अंगावर काटा आला. पण लग्नघरचे लोक जवळ येऊन विचारू लागले, तोड काहून नाई वाजवली? आमी त्याच्यासाठी तं तुमाले सांगतलं होतं. दुसऱ्या ठिकाणी एक म्हातारी रागावली. तिसऱ्या लग्नात फुलसिंग पुन्हा थांबायला लागला. मास्तरांच्या गल्लीत वाजवायचं असलं की तो दुसरीच चाल धरायचा.

बदरुद्दीनला ते कळलं की नाही, कोण जाणे. त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्या दिवाळीत त्यानं तेरा रजया भरल्या. पौषात, थंडीच्या एका सकाळी, चौदावीची रुई अर्धी पिंजून झाली होती, तेव्हा त्यानं पिंजण बाजूला ठेवलं आणि अमीनाबीकडं पाणी मागितलं. ती पाणी घेऊन आली तोवर तो गेला होता. चाळीसच वर्षांचा होता.

मयतीत वाजवायचा प्रश्नच नव्हता. पण बँडचे अकरा जण लाल कोट घालून आले. कुणी ठरवलं नव्हतं. जनाज्याच्या मागं रिकाम्या हातांनी चालले. रूपलाला हातांचं काय करावं ते समजत नव्हतं; कधी पाठीमागं बांधायचा, कधी कोटाच्या खिशात घालायचा. कबरीत माती टाकायची वेळ आली तेव्हा एका म्हाताऱ्या मुसलमानानं त्याचा हात धरून त्याला पुढं आणलं.

त्यानंतर रूपलानं काड्या धरल्या नाहीत. फुलसिंगनं समजावलं, वडिलांनी समजावलं. तो एकच सांगायचा, "चार ठोके होते, शालिग्रामभाऊ. फकस्त चार. म्या टाकले असते तं लोक हसले नसते." वडील म्हणायचे, कसम होती. तो म्हणायचा, "कसम मोडली असती तं पाप मले लागलं असतं. लागू द्याचं होतं."

रूपलाविना बँड दोन हंगाम कसाबसा चालला. मग फुलसिंगला अकोल्याच्या बँडनं नेलं आणि बाकीचे आपापल्या धंद्याला लागले. वडिलांच्या मावशीची तब्येत कायमची सुधारली.

सकीना आईला न्यायला आली ती बदरुद्दीनला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा. अमीनाबीनं घर बंद केलं. वडील तिची पेटी घेऊन मोटार स्टँडवर गेले. तिनं रूपलाला निरोप पाठवला होता. तो येईल म्हणून ती मोटारीत चढेना. कंडक्टर ओरडू लागला तेव्हा सकीनानं तिला हाताला धरून वर घेतलं. बुरख्यातून ती वडिलांना म्हणाली, "रूपलाभाऊले सांगा, माह्या मनात काई नाई. त्यायनं तीन वर्सं सांभाळलं. मले सारं सांगतलं होतं त्यायनं." हे शेवटचं त्यायनं म्हणजे नवऱ्यानं.

मोटार जाऊन अर्धा तास झाल्यावर रूपला आला. दोन कोस चालत आला होता, हातात भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं. रस्त्यात पायात काटा मोडला म्हणून उशीर झाला, म्हणाला. वडिलांनी अमीनाबीचा निरोप सांगितला. त्यानं तो ऐकून घेतला. स्टँडच्या लिंबाखाली बसून दुसऱ्या मोटारीची वाट बघू लागला. त्या दिवशी दुसरी मोटार नव्हती. वडिलांनी त्याला घरी आणलं. माझ्या आईनं भाकरी आणि तुरीच्या दाण्याची आमटी वाढली. तो दोन भाकरी जेवला, गाठोडं आईजवळ ठेवलं, आणि ऊन उतरायच्या आत लंगडत तांड्याकडं निघून गेला. होळीनंतर तो बायकापोरांना घेऊन खांडव्याकडं रस्त्याच्या कामाला गेल्याचं वडिलांना कुणीतरी सांगितलं.